परड्याकडची भिंत

भिंत पुरात पडली नाही. पूर ओसरून अडीच महिने झाल्यावर पडली, २०२१ च्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला. काकी परड्यात शेणी काढत होती. भिंतीतून मातीची बारीक धार लागली, उंदरानं उकरावं तशी, असं ती सांगते. काय आहे म्हणून ती दोन पावलं मागं सरकली, तेवढ्यात अठरा फूट भिंत पोटातून फुगली आणि जागच्या जागी खाली बसली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. भाताचं पोतं खांद्यावरून टाकलं की होतो तेवढाच.

मी तेव्हा कोल्हापुरात, शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत. धाकट्या चुलत भावाचा फोन आला, "ताई, परड्याकडची गेली." मी विचारलं, काकी? "बाहेर होती. बरी हाय." मग बराच वेळ आम्ही दोघंही फोनवर नुसतेच गप्प होतो.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं, भोगावतीच्या काठचं. घर पाच खणांचं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं सैपाकघर, वर माडी, आणि मागच्या दारानं उतरलं की परडं. सोप्यातल्या तुळईवर शके १८३४ कोरलेलं आहे, म्हणजे १९१२ साल. कुणीही पाहुणा आला की घरातले वडीलधारे आबा त्याला सांगतात, शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं त्याच वर्षीचं आमचं घर. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर चार फुटांपर्यंत दगड आणि चुना, आणि तिथून वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची दोन फूट जाडीची भिंत. भेंडा म्हणजे न भाजता उन्हात वाळवलेली मोठी कच्ची वीट. आमच्या गल्लीत अशी अकरा घरं होती. मी हे लिहितेय तेव्हा चार उरली आहेत.

नदीकाठच्या माणसाला पूर नवा नसतो. राधानगरीचे दरवाजे उघडले की आमच्याकडं आधी ओढ्याचं पाणी उलटं फिरतं, मग रस्ता जातो, मग परडं. पण २०१९ आणि २०२१ चे पूर त्या हिशोबात बसणारे नव्हते. आमची भोगावती पुढं पंचगंगेत जाते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ फुटांवर. त्या जुलैत आमच्या माजघरात चार दिवस गुडघाभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल उपसला, ब्लिचिंग पावडर टाकली, पंखे लावले, आणि घर वाचलं असं समजून मोकळे झालो.

भिंत पडल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: उतरवा आता. मातीचं घर, शंभर वर्षं झाली, किती दिवस धरून बसणार? भावाच्या ओळखीचे एक इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी दारातूनच सांगितलं की सगळं काढून दोन खोल्या स्लॅबच्या टाका. त्यांचा आराखडा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आला. त्यात सोपा नव्हता, परड्याकडं दार नव्हतं. सरकारी मदतीसाठी आम्ही अर्ज केला होता. पण पूर ओसरल्यावर अडीच महिन्यांनी पडलेली भिंत पुराच्या नुकसानीत धरायची कशी, हा प्रश्न सहा चकरा मारूनही सुटला नाही. सातवी चकर मारायला आबांनी नको म्हटलं. त्या वर्षी घट बसले ते ताडपत्रीच्या आडोशाला.

मिस्त्रीमामा भेटले ते योगायोगानं. माझ्या शाळेतल्या शिपायांच्या नात्यातले. पन्हाळ्याच्या बाजूचे, सत्तरीला टेकलेले, आयुष्यभर जुनी देवळं आणि वाडे दुरुस्त करत फिरलेले. एका रविवारी त्यांना गाडीवर मागं बसवून घेऊन गेले. त्यांनी चहा नको म्हटला. आधी घराला बाहेरून एक चक्कर मारली, मग आत येऊन बोटाच्या पेरांनी प्रत्येक भिंत वाजवत गेले. पडलेल्या ढिगाजवळ बसून एक ढेकूळ हातात घेतलं, फोडलं, त्याचा वास घेतला. ढिगात सिमेंटच्या गिलाव्याचे मोठमोठे पापुद्रे पडले होते, आतल्या बाजूनं अजून ओले. मामांनी त्यातला एक पालथा करून आबांपुढं धरला.

"ह्यो कवा मारलासा?"

"शहाण्णव साली," आबा म्हणाले. "दरवर्षी लिंपायला माणूस मिळंना झाला."

"घर खांबावर हाय, आबा. भिंत म्हंजे निस्तं पांघरूण. पुरात पांघरूण भिजलं, ते वाळाय पायजे हुतं. तुमी वरनं पलास्टिक गुंडाळल्यालं. वाळणार कुठनं?"

मला तिथं पहिल्यांदा घर कळलं. मी वर बघितलं. अठरा फूट भिंत नाही, आणि वरची तुळई, वासे, कौलं, सगळं जिथल्या तिथं. छपराचा भार भिंतीवर नव्हताच, तो जांभळाच्या आणि फणसाच्या खांबांवर होता, आणि खांबाखाली दगडी तळखडे. सोप्याकडची भिंत तेवढ्याच पाण्यात तेवढेच दिवस उभी होती, पण तिला काकी शेणामातीनं लिंपत असे. ती आठ-दहा आठवड्यांत वाळून खडखडीत झाली. सिमेंटनं झाकलेली आतल्या आत भिजत राहिली आणि भेंड्यांचा चिखल झाला. आबांनी हे ऐकलं आणि काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मीच केलं म्हणा की." काकीनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "तवा कुणाला ठाव हुतं?"

त्यानंतरचं एक वर्ष बांधकामात गेलं नाही, कागदात आणि माणसांत गेलं. घर सामाईक. आबा, काकी आणि माझे दोन चुलत भाऊ, मी, माझी बहीण, आणि दोन आत्या, एवढ्यांची नावं. काही करायचं तर सगळ्यांचं एकमत हवं, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणणार की माझ्या हिश्शात खर्च कुणाला विचारून केला. एक भाऊ स्लॅबच्या बाजूचा होता आणि त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्याला दोन लहान मुलं, तो तिथं राहतो, पुरात रात्री त्यांना खांद्यावर घेऊन तोच बाहेर पडला होता. मी शनिवार-रविवारची पाहुणी. त्यानं मला तोंडावर विचारलं, "ताई, तू कोल्हापुरात स्लॅबच्या घरात राहतीस न्हवं?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की माडीवर एक पक्की खोली, संडास-न्हाणी घरात, आणि पुरात वर चढायला धड जिना, हे सगळं या घरात बसवू, आणि नाही बसलं तर मी तुझ्या बाजूनं सही करीन. त्यानं ते मान्य केलं. गडहिंग्लजची आत्या मात्र सरळ म्हणाली, "माझ्या पयल्या बाळंतपणाची खोली हाय ती. पाडायला सही देणार न्हाई. बांधायला कुठं पायजे तिथं अंगठा घे."

याच काळात मी घराला कायद्याचा काही आधार मिळतो का ते शोधत होते. वाटलं होतं, एवढं जुनं घर, कुठंतरी नोंद करता येईल. पन्हाळा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे, खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळही. राज्याचा प्राचीन स्मारकांचा १९६० चा कायदा आहे, पण तो अधिसूचना निघालेल्या स्मारकांना. शहरातल्या वारसा इमारतींची यादी महापालिकेच्या हद्दीपुरती. गावठाणातल्या, कुणा शेतकऱ्याच्या राहत्या घरासाठी यातलं काहीच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर आमच्या घराचं वर्णन एका ओळीत होतं: दगड-माती, कौलारू. गावठाणाची ड्रोननं मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० साली आली, त्यातून मिळकत पत्रिका मिळते, जागेची हद्द कळते. हद्दीच्या आत काय उभं आहे ते ती सांगत नाही. २०२५ च्या जुलैत पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कोल्हापुरात पेढे वाटले, मीही वाटले. पण त्या किल्ल्यावर ज्यांनी धान्य पोचवलं, लाकडं वाहिली, त्यांच्या गावातली घरं दर पावसाळ्याला एक-दोन करत उतरतात आणि त्यांची मोजदादसुद्धा होत नाही. हे मला फार लागतं.

म्हणून मोजदाद आम्हीच केली. वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना बोलावलं, दोन मुली आणि दोन मुलगे. ते तीन दिवस घरात राहिले, टेप घेऊन इंच न् इंच मोजला. काकी त्यांना रोज विचारायची, "आजून किती ऱ्हायलंय?" आणि पिठलं-भाकरी वाढायची. माडीवर वाशांच्या टोकांना छिन्नीनं केलेल्या खुणा त्यांना दिसल्या, एक रेघ, दोन रेघा, फुली. सुतारानं सगळी लाकडं खाली तासून, जुळवून, खुणा करून मग वर चढवली होती. म्हणजे हे घर उतरवून दुसरीकडं तसंच्या तसं उभं करता येईल. मी त्या घरात जन्मले, वाढले आणि त्या खुणा मला कधी दिसल्या नव्हत्या. सैपाकघरात सिमेंट खरवडताना एक देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, उघडी पडली, आत चुन्यावर काजळीचा काळा कोंभ. कंदिलाची जागा. आबा म्हणाले, "इथं व्हय! मी लहान असताना हितं दिवा असायचा. मला वाटायचं सपान हाय."

आता माती.

पांढरी माती कुठून आणायची हा पहिला प्रश्न. सगळ्यांनी गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडाचं नाव घेतलं. पूर्वी तिथूनच आणायचे. पण ती माती पांढरी का असते? पिढ्यान् पिढ्या तिथं माणसं राहिली, त्यांच्या चुलीची राख, पडलेल्या भिंती, गोठ्यातला गाळ, असं सगळं कुजून-मुरून ती होते. पांढर म्हणजेच जुनी वस्ती. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळातली वस्ती सापडली. त्याच टेकडीतून निघालेला पोसायडनचा, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, ब्राँझचा छोटा पुतळा टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मी दरवर्षी मुलांना तो दाखवायला नेते. तेव्हा आपल्या घरासाठी आपणच पांढर उकरायची हे मनाला पटेना. मिस्त्रीमामांना सांगितलं तर त्यांनी पडलेल्या ढिगाकडं बोट केलं. "हीच की. माती कवा जुनी हुती व्हय?"

२०२२ च्या डिसेंबरात काम धरलं. पाऊस संपून जमीन वाळल्यावर आणि वळवाच्या आधी, हीच मातीच्या कामाची वेळ. आधी छपराला टेकू दिले. ढीग चाळला, सिमेंटचे तुकडे वेगळे काढले, आणि मामांनी मातीची परीक्षा घेतली. लिंबाएवढा गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाकायचा. भुगा झाला तर चिकण कमी, थापटीसारखा पसरला तर पाणी जास्त, दोन-चार तुकडे झाले की बरोबर. आमचा तीन तुकड्यांत फुटला. परड्यात खड्डा करून माती चार दिवस भिजवली, त्यात भाताचं तूस, बारीक तोडलेलं काड आणि शेण, आणि मग तुडवणी. भाऊ, भावजय, मी, शेजारची पोरं, सगळे गुडघाभर चिखलात. थंडीचे दिवस, सकाळी पाय ठेवला की कळ मस्तकात जायची. मामा काठावर बसून आमच्या पायांचा आवाज ऐकत. चिखल तयार झाला की पाय उपसताना येणारा आवाज बदलतो, फटफट जाऊन चिकट, जड असा पचक् येतो. तो येईस्तोवर ते "आजून, आजून" म्हणत राहायचे.

लाकडी साचा चौदा इंच लांब, नऊ रुंद, सहा उंच. सहाशेच्या आसपास भेंडे पाडले. दोन दिवस पालथे, मग कुशीवर, मग उभे, असे फिरवत जवळजवळ महिनाभर वाळवले. जोरदार ऊन लागलं तर वरून तडकतात, म्हणून पहिले दिवस उसाच्या पाचटाखाली. माझ्या वर्गातली सहावीची मुलं एका शनिवारी आली होती. महिन्यापूर्वीच त्यांची सहल कणेरी मठावर गेली होती, तिथल्या म्युझियममध्ये बलुतेदारांचे, शेतकऱ्यांचे पुतळे त्यांनी बघितले होते. एका मुलीनं तिथं मला विचारलं होतं, "बाई, असलं खरं घर असतंय का कुठं?" म्हणून आणली. तिनं साच्यातून भेंडा काढून घेतला आणि ओल्या मातीवर बोटानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. तो भेंडा आता सैपाकघराच्या खिडकीखाली तिसऱ्या थरात आहे, गिलाव्याच्या आत.

चढवणी लवकर झाली. दिवसाला दोन-अडीच थरांच्या वर मामा जाऊ द्यायचे नाहीत, खालचा थर बसायला पाहिजे. ओळंबा, दोरी, चिखल, भेंडा. पंधरा दिवसांत भिंत वाशांना भिडली. भावाला कबूल केलेला जिना आणि न्हाणी त्याच उन्हाळ्यात झाली, लादी आणि पाइप कोल्हापुरातून आणले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पावसाळाभर भिंतीला नुसता मातीचा हात आणि पाचटाचा पडदा.

चुना पुढच्या वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत. चुन्यासाठी मामांनी दोन वस्तू मागितल्या: हिरडा आणि गूळ. हिरडा आमच्या पश्चिम भागातल्या जंगलात होतो, तो मिळाला. गुळाच्या बाबतीत ते अडून बसले. बाजारातला पिवळाधमक गूळ नको, त्याला रंगासाठी पावडर मारलेली असते. काळपट, बिनपावडरचा पाहिजे. मी म्हटलं, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, इथं चांगला गूळ न मिळायला काय झालं? आबा शेजारी बसले होते. ते उठले, खुंटीवरची किल्ली काढली आणि मळ्याकडं चालायला लागले.

मळ्यात आमचं गुऱ्हाळ आहे. होतं म्हणावं लागेल, कारण दहा वर्षं ते बंद होतं. ऊस कारखान्याला जातो, गूळ शिजवणारा गुळव्या मिळत नाही, मिळाला तर जाळ घालणारा जाळव्या मिळत नाही. पत्र्याची शेड, काळं पडलेलं चुलवाण, म्हणजे रस आटवायची मोठी चूल, आणि तिच्यावरची कढई, काहील, पालथी घातलेली. चुलवाणाला भेग गेली होती. भिंतीतून उरलेला चिखल होता, आबांनी स्वतः बसून ती भेग त्यानं भरली. चरक भाड्यानं आणला. एकच आदण, म्हणजे रसाचा एकच घाणा, लावायचं ठरलं, तेही अर्ध्या काहिलीचं. गुळव्या म्हणून शेजारच्या गावचे एक आजोबा आले, आबांच्याही वरच्या वयाचे, लेकाच्या गाडीवरून.

रस तापायला लागला तशी वर हिरवट मळी आली. आजोबांनी ठेचलेल्या रानभेंडीचं बुळबुळीत पाणी ओतलं, मळी गोळा होऊन तरंगली, ती काढली, पुन्हा ओतलं, पुन्हा काढली. चिपाडाचा जाळ, पिवळा फेस, आणि सगळ्या मळ्यात तो वास. रस्त्यानं जाणारी माणसं गाड्या लावून आत यायला लागली. कुणी हातात भांडं घेऊन आलं, काकवी मिळते का म्हणून. एक बाई नुसतीच कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "कितींदी झालं ह्यो वास आलाच नव्हता." आजोबा काठीनं पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकत, बोटांत धरत. दोनदा मान हलवली. तिसऱ्यांदा गोळी झाली, ती त्यांनी ताटलीवर आपटली, टणक् वाजली. "घ्या उतरून!" चौघांनी काहील उचलून वाफ्यात रिकामी केली. गूळ काळपट तांबडा झाला. आबांनी पहिला घास मला दिला, मग मामांना. मामा चघळत म्हणाले, "आता चुना धरंल."

उसाच्या साखरेनं चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि गिलावा चिवट होतो, हे मी नंतर वाचलं. मामांना ते त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. चुनकळी, म्हणजे न विरलेल्या चुन्याचे खडे, आम्ही आधीच भिजवली होती. लोखंडी पिंपात पाणी, त्यात कळ्या सोडायच्या, आणि लांब व्हायचं. पाणी स्वतःच खदखदायला लागतं, बाहेरून कसलाही जाळ नाही. मामांनी पोरांना परड्याबाहेर काढलं आणि स्वतः डोळ्यांना जुना गॉगल लावला. डोळ्यात उडाला तर दिसणं जातं, यात हयगय करू नका. तीन आठवडे तो पाण्याखाली मुरत ठेवला. मग वाळू मिसळून, हिरडा आणि गुळाचं गाळलेलं पाणी घालत, मोगरीनं कुटत राहायचं. मोगरी उचलली की चुना लोण्यासारखा तिला धरून यायला पाहिजे.

भिंतीवर आधी तूस घातलेल्या मातीचा हात, त्याला थापीच्या टोकानं खाचा, त्यावर पाण्याचा शिपका, आणि मग चुन्याचा पातळ थर, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. ओल्या गोणपाटांचा पडदा तीन आठवडे. सिमेंट एका रात्रीत धरतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत महिनोन्महिने पुन्हा दगड होत राहतो, आणि तरीही भिंतीतली ओल बाहेर जायला वाट ठेवतो. नुसत्या भिंतीचा, गिलाव्यासह, आमचा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. त्यातला निम्म्याहून जास्त मजुरीचा, म्हणजे गावातच राहिला. पाचशे-सहाशे जुनी कौलं गल्लीतल्या उतरवलेल्या घरांची विकत घेतली. ती वर चढवताना प्रत्येक कौल कुणाच्या घराचं ते काकी सांगत होती.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा धोका पातळी ओलांडली. रात्री भावाचा फोन: "ताई, परड्यात पाणी आलंय. जोत्याच्या दुसऱ्या दगडावर हाय." मी रात्रभर जागी होते. रस्ता बंद, जाता येत नव्हतं. पाणी चौथ्या दगडापर्यंत चढलं, घरात शिरलं नाही, आणि तीन दिवसांनी उतरलं. पोचले तेव्हा नवी भिंत बाहेरून काळपट ओली दिसत होती, जोत्यापासून माझ्या कमरेपर्यंत. पोटात गोळा आला. मिस्त्रीमामांनी फोनवर सांगितलं, "हात लावू नगा, काय मारू नगा. दिसतीया ते बरं हाय. निस्तं बघा."

आबांनी बघायचं म्हणजे काय ते आपल्या पद्धतीनं ठरवलं. माझ्या पिशवीतून खडू मागून घेतला आणि जिथवर ओल चढली होती तिथं भिंतीवर आडवी रेघ मारली, शेजारी तारीख. दोन दिवसांनी पुन्हा. रेघ जागची हलली नव्हती. पुढच्या आठवड्यात बोटभर खाली आली.

आठ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं करून दिलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. मी त्या गर्दीत उभी होते. लाकूड पेटल्यावर जे कडाडतं ते ऐकत माणसं रस्त्यावर रडत होती. मध्यरात्रीनंतर मिस्त्रीमामांचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं, मलाही. शेवटी त्यांनी विचारलं, "भिंत कुठवर आली?" मी सांगितलं, वीतभर उतरली. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

श्रावण पावसात गेला, तेव्हा रेघा अगदी जवळजवळ आल्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरानं. गणपतीत ऊन पडलं आणि त्या लांब लांब पडायला लागल्या. गौरी बघायला आलेल्या बायका आधी गौरी बघायच्या, मग परड्यात जाऊन रेघा मोजायच्या. स्लॅब पाहिजे म्हणणारा भाऊ कामावरून आला की चप्पल काढायच्या आधी मागं जाऊन भिंतीला पालथा हात लावून बघायचा, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

पितृपंधरवड्यातल्या एका सकाळी मी तिथं होते. आबा भिंतीपुढं उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला, तळहात जोत्याच्या वर टेकवून बराच वेळ तसाच ठेवला. मग शेवटची रेघ मारली, दगड आणि चुना मिळतात त्या सांध्यावर. तारीख घातली. खडूचा उरलेला तुकडा देवळीत ठेवला, हात झटकले आणि मळ्यातल्या चुलवाणाची भेग पुन्हा उघडली आहे का ते बघायला निघून गेले.